चौथ्या बोल्टाचा आकडा

“ताप गाडीला नाय रे, गाडीवाल्याला हाय.”

आवाज गाडीखालच्या खड्ड्यातून आला. मी गॅरेजच्या दारात जाडजूड फाइल छातीशी धरून उभी होते. ज्याला हे ऐकवलं गेलं तो तरुण गाडीभोवती येरझाऱ्या घालत होता. मुरबाडच्या बाजूला त्याचं लग्नसमारंभाचं लॉन होतं आणि गाडी त्याचीच होती: निळी, दोन दारांची, गतिरोधकावर पोट घासेल इतकी बुटकी, टर्बो इंजिनाची जपानी स्पोर्ट्‌स कार. ती त्याने सेकंडहँड घेतली होती. मुंबईतल्या एका गॅरेजने तिची ताकद आणखी वाढवून दिली, आणि तेव्हापासून माळशेजचा निम्मा घाट चढला की तापमानाचा काटा लाल रेघेला टेकायचा.

“मिस्तरी, मस्करी नको ना. महिना झाला गाडी तुमच्याकडे हाय.”

“मंग घेऊन जा. घाटात थांब आनि पानी ओत तिच्या डोक्यावर. उरलं तर तुज्या पन.”

खड्ड्यातून आधी एक पाना वर आला, मग घामेजलेलं टक्कल, मग साठीचा किडकिडीत माणूस. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, फाइलकडे पाहिलं.

“झेरॉक्सवाल्यांची पोरगी ना तू? बस. त्या स्टुलावर नाय गो, तो माझा. टायरवर बस.”

माझ्या बाबांचं शहापूरच्या बाजारात झेरॉक्सचं दुकान आहे. आदल्या दिवशी मिस्तरी तिथे मोबाइल घेऊन आले होते. त्यात त्या गाडीचं इंग्रजी मॅन्युअल होतं. बाबांनी पानं छापून दिली तेव्हा त्यांनी गठ्ठा हातावर तोलला आणि म्हणाले, “छापलंत खरं, पन ह्यातलं मला सांगनार कोन?” बाबांनी माझ्याकडे बोट केलं. मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. इंग्रजी शाळेत शिकलेली, लेखी परीक्षेत बरी, आणि मुलाखतीत तोंडातून शब्द न फुटल्यामुळे तीन ठिकाणांहून परत आलेली. बाबांना वाटलं असावं, निदान मोठ्याने वाचायची तरी सवय होईल.

सगळे त्यांना मिस्तरी म्हणत. मी काका म्हणायचे. त्यांचं गॅरेज सापगावच्या अलीकडे रस्त्याला लागून होतं: पत्र्याचं छप्पर, सिमेंटचा खड्डा आणि मागे एक उतार. त्याआधी वीस-पंचवीस वर्षं त्यांनी खर्डीजवळ हायवेच्या कडेला ट्रकांचे रेडिएटर दुरुस्त केले होते. कसाऱ्याच्या घाटाने उकळलेले ट्रक त्यांच्या दारात उभे राहायचे. रेडिएटर गळू लागला की ड्रायव्हर त्यात हळद टाकत. हळद फुगून भोक बुजतं, पण तिच्यासोबत आतल्या बारीक नळ्याही बुजतात. असा एका रेडिएटरमधून निघालेला पिवळा चिखल काकांनी बाटलीत भरून फळीवर ठेवला होता. नवीन गिऱ्हाईक आलं की ते बाटली हलवून दाखवत. “बघ. ह्याला ड्रायव्हर औषद म्हनत होता.”

माझं काम वाचायचं. आधी इंग्रजी ओळ जशीच्या तशी, मग मराठीत. काकांना इंग्रजी येत नव्हतं, पण इंग्रजी ओळ ऐकल्याशिवाय ते मराठी ऐकत नसत. म्हणायचे, “आदी त्याचं ऐकू, मंग तुजं.” खरी पंचाईत आकड्यांची होती. इंग्रजी शाळेत शिकलेल्या माझ्यासारख्यांना एकोणसत्तर कुठलं आणि एकोणऐंशी कुठलं ते पटकन सुचत नाही. नातेवाइकांत यावरून माझी भरपूर टर उडालेली आहे. पहिल्याच दिवशी मी अडखळले. काकांनी पाना खाली ठेवला. म्हणाले, “सुटं सुटं सांग. सहा, नऊ. रुपये मोजताना सुटे घेतो ना आपन, तसं.” ते हसले नाहीत. मला वाटतं, मी दुसऱ्या दिवशी परत गेले ती त्यामुळे.

बोल्ट किती जोर लावून आवळायचा तो आकडा मॅन्युअलमध्ये असतो. तो मी किलोमध्ये करून द्यायचे. काकांचा टॉर्कचा पाना आपल्याला हवा तो जोर आला की टक् असा आवाज करतो आणि मुठीत हलकासा झटका देतो. काकांचा नियम असा होता, की प्रत्येक बोल्टाआधी आकडा पुन्हा वाचायचा. एका जागी चार बोल्ट असले आणि चारींचा आकडा एकच असला तरी चार वेळा. मी आकडा वाचायचे, ते पाना ओढायचे, टक् व्हायचं, ते म्हणायचे “झाला”, आणि मग बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत लाल नेलपॉलिशची एक रेघ मारायचे. बोल्ट नंतर सैल झाला तर रेघ मोडलेली दिसते. नेलपॉलिश ते स्वतः शहापूरच्या कटलरीच्या दुकानातून आणत, आणि तिथल्या मुली काकींच्या नावाने काय काय विचारत ते रंगवून सांगत.

मी “साडेसहा किलो, साडेसहा किलो” असं ओरडत बसलेली असताना रस्त्यावरून जाणारे थांबत. शेजारचा पंक्चरवाला रोज न चुकता विचारायचा, “काय मिस्तरी, आज कुठला आकडा लागला?”

“तुजा नाय लागला,” खड्ड्यातून उत्तर यायचं. “मंग तू कशाला खुश?”

तापलेल्या गाडीला ते हात लावत नसत. स्टूल ओढून तिच्यासमोर बसायचे, तिच्याकडे बघत, पाऊण तास. गाडीवाला तळमळायचा. लॉनवाला एकदा म्हणाला, “अहो, पंखा लावू का तिला?” काका म्हणाले, “आजाऱ्याच्या उशाशी बसतोस तेवा काय करतोस? बसतोसच ना?” घाटातून आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, दोन मिनिटं संथ चालू ठेवायचं, म्हणजे टर्बोतलं तेल जळत नाही, हे मॅन्युअलमध्ये होतं. मी ते वाचलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. “पळत आलेल्याला दारातच झोपवायचं नसतं. जपानी मानूस शाना हाय.”

ती निळी गाडी का तापते ते त्यांनी उदबत्तीने शोधलं. मुंबईवाल्यांनी रेडिएटर मोठा बसवला होता, पाण्याचा पंप बदलला होता, तरी फरक नव्हता. काकांनी पंखा चालू केला, उदबत्त्यांचा जुडगा पेटवला आणि गाडीच्या तोंडासमोर उकिडवे बसले. एक बाई जाता जाता हात जोडून गेली. धूर रेडिएटरमधून आत जायला हवा होता. तो कडेच्या फटींतून निसटत होता. काका अर्धा तास एकेका फटीशी उदबत्ती नेत राहिले. मग तेलाचा पत्र्याचा डबा कापून त्यांनी दोन्ही बाजूंना पडदे बसवले, फटींत फोम भरला. वाऱ्याला आता रेडिएटरमधूनच जावं लागणार होतं. नंतर गाडी मागच्या उतारावर नाक वर करून उभी केली, झाकण उघडलं, आणि रबरी नळी हळूहळू दाबत पाण्यातली हवा बाहेर काढत बसले. एकेक बुडबुडा वर यायचा. शेवटचा बुडबुडा आल्यानंतरही ते वीस मिनिटं बसून होते. त्या दिवशी मी पहिल्यांदा कोणी न विचारता बोलले. म्हणाले, “काका, संपले असतील.” ते म्हणाले, “असतील. पन पान्याला सांगू दे.”

गाडी तापायची थांबली. दसऱ्याला मात्र लॉनवाला घाबराघुबरा आला. काटा पुन्हा वर. काकांनी गाडीकडे एकदाच पाहिलं. तिच्या तोंडावर या कडेपासून त्या कडेपर्यंत झेंडूचा मनगटाएवढा हार होता. वारा जाणार कुठून? काकांनी चपला काढल्या, हार सोडवला, कपाळाला लावला आणि मागच्या काचेवर बांधला. “देवाला मागं बसव. त्याला काय, सगळीकडनं दिसतं.”

सापगावच्या त्या जागेत आता टायरवाला बसतो. खड्डा बुजवला आहे. काका शेणवे गावात घरीच असतात. कोणी गाडी घेऊन आलंच तर ओट्यावर बसून इंजिन ऐकतात, काय झालंय ते सांगतात, आणि कोणाकडे न्यायची तेही सांगतात. हात लावत नाहीत. मी मधूनमधून जाते. काकी म्हणतात, झालं ते बरं झालं. मला मात्र ते अजून पुरतं ठरवता आलेलं नाही, आणि म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

हार सोडवल्यानंतर थोड्याच दिवसांनी काका इंजिनावर वाकून मला काहीतरी समजावत होते. डावा हात टर्बोकडून येणाऱ्या लोखंडी नळीवर टेकलेला. इंजिन नुकतंच बंद केलेलं होतं. मला आधी वास आला. केस जळल्यासारखा. मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. दोन बोटं नळीला चिकटलेली होती आणि काका बोलत होते. बोलतच राहिले. माझी नजर पाहून त्यांनी खाली बघितलं, मग हात काढला. बोटांवरची कातडी पांढरी पडली होती. त्यांनी तोंडातून “हाय” सुद्धा काढलं नाही, कारण काही जाणवलंच नव्हतं.

त्यांनी फडकं गुंडाळलं. “साखर हाय ना मला,” ते म्हणाले. “बोटं मदनंमदनं झोपतात. काकीला सांगू नको.”

मी मान हलवली. मान हलवणं मला सोपं जातं.

चार दिवसांनी काकी डबा घेऊन आल्या. काका बाजारात गेले होते. काकी माझ्याशेजारच्या टायरवर बसल्या, थोडा वेळ पदराने वारा घेतला आणि म्हणाल्या, “तू शिकलेली हायस. खरं सांग गो मला. त्यांना हाताला कळतं ना नीट? घरी भाकर तव्यावरनं उचलतात ती ठेवतच नाय खाली. चहा बिनसाखरेचा पितात मंजे इथं पितात ना तसाच?”

इथे ते तीन चमचे साखरेचा पीत.

“मला माहीत नाही, काकी,” मी म्हणाले. फाइल उघडली आणि वाचत असल्यासारखं केलं.

काकी उठल्या. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात फिरवला नसता तर बरं झालं असतं.

मग निळ्या गाडीचं दुसरं दुखणं निघालं. वाढवलेल्या ताकदीचा भार मागे जाणाऱ्या सांध्यांवर येत होता. वेग वाढला की जमिनीखालून कोणी थरथरतंय असं वाटायचं. काकांनी गाडी खड्ड्यावर घेतली. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा लांब दांडा असतो, प्रोपेलर शाफ्ट, त्याचा सांधा झिजला होता. नवीन शाफ्ट आला. तो मागच्या टोकाला चार बोल्टांनी धरलेला असतो. धावत्या गाडीत ते सुटले तर शाफ्ट रस्त्यावर आपटतो. पुढे काय होतं ते काकांनी मला एकदाच सांगितलं होतं, आणि सांगताना ते दुसरीकडे बघत होते. खर्डीला असताना त्यांनी ते पाहिलं होतं.

शाफ्ट बसवायच्या दिवशी लॉनवाला सकाळपासून बाहेर उभा होता. सोबत त्याचे वडील, पांढरी टोपी घातलेले. ते त्या गाडीत कधी बसलेच नव्हते. त्या दिवशी मुलगा त्यांना माळशेजला नेणार होता.

खड्ड्याच्या काठावर बसून मी वाचलं, “साडेसहा किलो.” टक्. “झाला.” रेघ. काकांनी शाफ्ट हाताने फिरवला. “साडेसहा किलो.” टक्. “झाला.” पुन्हा फिरवला. “साडेसहा किलो.” टक्. “झाला.”

“साडेसहा किलो,” मी चौथ्यांदा म्हणाले.

त्याच वेळी खडीचा डंपर गतिरोधकावरून दणदणत गेला. पत्रे हादरले. आवाज ओसरला तेव्हा काका म्हणत होते, “झाला.” आणि चौथी रेघ मारत होते.

टक् मी ऐकलं नव्हतं.

डंपरमुळे ऐकू आलं नसेल, मी स्वतःला सांगितलं. पण त्यांना तरी ते कसं ऐकू आलं असेल? आवाज ऐकू येत नसताना मुठीतला झटका कळतो. त्यांच्या मुठीला कळतो का? मी जळालेल्या बोटांकडे पाहिलं. फडकं आता नव्हतं. काका वर आले, हात पुसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गाडी खड्ड्यावरून पुढे घेतली गेली. मी फाइलची तीच ओळ परत परत वाचत होते.

“ह्यात बसायचं का निजायचं रे?” टोपीवाले वडील दारात वाकून विचारत होते.

“बसा बाबा,” काका म्हणाले. “निजायला घर हाय.”

सगळे हसले. वडील गुडघे पोटाशी घेऊन बसले. मुलाने त्यांच्या अंगावरून पट्टा ओढून लावला. बोलले असते तर त्या सगळ्यांसमोर, पंक्चरवाल्यासमोर, काकांच्या हातांचं जे व्हायचं ते झालं असतं. बोलले नसते तर माळशेजचा घाट. इंजिन सुरू झालं.

“थांबा,” मी म्हणाले.

कोणी ऐकलं नाही. मी गाडीसमोर जाऊन उभी राहिले. एवढंच मला जमलं. काच खाली झाली.

“माझं चुकलं,” मी म्हणाले. “चौथ्या बोल्टाचा आकडा मी वाचलाच नाही. गाडी परत घ्या.”

लॉनवाल्याने स्टिअरिंगवर हात आपटला. “चार आकडे वाचायचे व्हते फक्त! तेवढंच काम हाय ना तुमचं?”

“पोरगी हाय, चुकते,” काका म्हणाले. पण ते माझ्याकडे बघत होते.

गाडी परत खड्ड्यावर आली. काका उतरले. पाना चौथ्या बोल्टाला लावला. मी आकडा वाचला. पाना सहज फिरला, अर्धा फेरा, मग आणखी अर्धा. जुन्या लाल रेघेचे दोन तुकडे झाले. मग टक् झालं. ते सगळ्यांना ऐकू गेलं, कारण रस्त्यावर त्या वेळी काहीच नव्हतं. काकांनी अंगठ्याच्या नखाने जुनी रेघ खरवडून काढली. बराच वेळ खरवडत होते. नवीन रेघ मारली. “झाला” म्हणाले नाहीत.

गाडी माळशेजला जाऊन परत आली. ना तापली, ना थरथरली. वडिलांनी काकांना कणसं आणून दिली आणि सांगितलं की कमरेचा काटा ढिला झाला, पण पोराची गाडी चांगली हाय. मला कोणी काही म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फाइल घेऊन पोचले तेव्हा काका स्टुलावर बसले होते. समोर गाडी नव्हती. रिकाम्या खड्ड्याकडे बघत बसले होते. मी टायरवर बसले.

“उद्या शाळेची व्हॅन येते,” ते म्हणाले. “तिचा बी शाफ्ट काढायचाय. पंदरा पोरं असतात तिच्यात.”

मी पान शोधू लागले. व्हॅनचं मॅन्युअल त्या फाइलमध्ये नव्हतंच.

“इकडं बघ,” ते म्हणाले. मी बघितलं. “आकडा वाचल्याबिगर मी पाना लावत नाय. आजवर कदी लावला नाय. काल रातभर आठवतोय. तुजा आवाज मला ऐकू आला व्हता असं वाटतं. पन सवयीनं बी वाटत असंल. चाळीस वर्सं काम केल्यावर मानसाला सगळंच ऐकू येतं.” त्यांनी दोन्ही हात उलटे करून मांडीवर ठेवले. “तू वाचला नसशील तर चूक तुजी. मंग उद्या व्हॅन घेतो. तू वाचला असशील तर...”

पंक्चरवाल्याकडे कोणाच्या तरी टायरमधली हवा सुटत होती.

मला ते खोटं तसंच पुढे न्यायला हरकत नव्हती. एकदा बोललेलंच होतं, नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. काकांनाही तेच हवं होतं, असं मला त्यांच्या बसण्यावरून वाटलं. त्यांनी प्रश्न नीट विचारला होता, पण श्वास रोखून.

“वाचला होता, काका,” मी म्हणाले. “चारही वेळा.”